बोटाखालचं वचन

आमच्या घरात शास्त्रातलं वचन पाठ म्हटल्याशिवाय भाकरी मिळत नसे. हा नियम बाबांनी घातला होता आणि त्यात आजारपणाचीही सवलत नव्हती. बाबा तिसगावला मिशनच्या शाळेत मास्तर होते. चर्चचे पाळक महिन्यातून एखाद्या रविवारीच यायचे, म्हणून मंडळीची उपासनाही बाबाच चालवत. सकाळी ते शाळेच्या पडवीत टांगलेला रुळाचा तुकडा सळईने वाजवत, घरी येऊन चटईवर बसत आणि मांडीवर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडत. आई चुलीपुढे बाजरीच्या भाकऱ्या थापत असे. तिच्या हातांचा थपथप आवाज आणि बाबांचा वाचण्याचा आवाज माझ्या कानात आजही एकत्रच येतात, एकाला दुसऱ्यापासून सोडवता येत नाही. वाचून झालं की बाबा चष्मा काढत आणि एकेकाकडे बघत. आदल्या दिवशी दिलेलं वचन म्हणायचं. अडखळलं तर पुन्हा म्हणायचं. पुन्हा अडखळलं तर ताटातली भाकरी उचलून ते दारातल्या कुत्र्यापुढे टाकत आणि कुत्र्याचं खाऊन होईपर्यंत आम्हाला बघायला लावत.

माझी धाकटी बहीण सुशी तोतरी होती. वचन तिला माझ्याआधी पाठ व्हायचं, पण बाबांसमोर तिची जीभ पहिल्याच अक्षराला अडकून बसायची. त्यामुळे आमच्या घरात सर्वांत जास्त उपाशी राहिलेलं माणूस म्हणजे ती. आई तिला गोठ्याच्या मागे नेऊन पदराखालचा भाकरीचा तुकडा द्यायची. एकदा मार चुकवण्यासाठी ते मीच बाबांना सांगितलं. आईला त्यांनी काय केलं ते इथे लिहीत नाही. इतकंच लिहितो की त्यानंतर आई गोठ्याच्या मागे गेली नाही, आणि मला त्या दिवशी मार बसला नाही. माणूस लहानपणी काय काय शिकतो ते कुठल्या पुस्तकातून शिकतो असं थोडंच आहे.

बाबा लबाड नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. शास्त्रानं माणूस घडतो यावर त्यांचा खराखुरा विश्वास होता. लोखंड जसं ठोकून घडतं तसं.

इस्तरआत्या आमच्याकडे आली तो बाजाराचा दिवस होता. आत्या म्हणजे बाबांची पाठची बहीण. मंडळीच्या दप्तरात तिचं नाव एस्तेर असेल, पण सगळे इस्तरच म्हणायचे. ती एसटीतून उतरली, हातात एक बोचकं, आणि डावा हात लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला. तिचा नवरा बेलापूरला राहायचा आणि साखर कारखान्यात कामाला होता. यशवंतमामा म्हणायचो आम्ही त्यांना. त्यांनी सायकलीचा पंप मारून तिच्या हाताची बोटं मोडली होती. पुढे ती बोटं जुळली, पण वाकडी जुळली. आईने तिला पाणी दिलं. बाबा म्हणाले, "राहा थोडे दिवस." म्हणताना ते तिच्या हाताकडे बघत नव्हते.

गावातली निम्मी पोरं बाबांनी शिकवली, पण आत्याला अक्षर येत नव्हतं. बाबा शिकत होते तेव्हा घरच्या शेळ्या कोणीतरी राखायला हव्या होत्या, त्या तिने राखल्या. तिला शास्त्र कानानेच मिळायचं. दुपारी शाळा सुटली की ती घरच्या पडवीत हुलगे निवडत बसे आणि मला हाक मारी.

"सामू, ये रं. आजच्या दिसापुरतं वाच. लई नगं."

"काय देशील?"

"काय पायजे मुडद्याला?"

"माझ्या वाटचं पाणी भर. दोन दिवस."

"हा तर तलाठ्याच्या वर निघाला! बरं, भरते. वाच."

माझ्या वाटचं पाणी म्हणजे खालच्या आडावरून घागरी आणायच्या, उन्हात. ती ते वाकड्या बोटांच्या हाताने आणायची. मी एक ओळ वाचायचो, कधी दोन. ती ओळ ती तोंडात धरून दिवसभर हिंडायची. चुलीला सांगायची, शेळीला सांगायची, शेंगोळी वळताना तालावर म्हणायची. मेंढपाळाचं स्तोत्र मी तिला वाचून दाखवलं त्या दिवशी ती म्हणाली, "सामू, ह्यो मेंढक्या काठी घिऊन पुढं चालतोय. मागून मारीत न्हाई. बग की." मला तेव्हा त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर पुढे मी शास्त्राची परीक्षा दिली, सभांतून बोललो, पुष्कळ विद्वान माणसं ऐकली, पण एका ओळीवर सबंध दिवस काढणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. तिला मार आठवायचा तेव्हा ती ओळ म्हणायची, आणि तेवढ्यावर उठून कामाला लागायची. तिचं जगणं त्यावर चाललं होतं, आणि ती शिदोरी बांधून देणारा मी होतो.

देण्याघेण्यावरून आमचं बिनसलं की मी मुद्दाम नावांचे अध्याय काढायचो. शास्त्राच्या सुरुवातीच्या भागात वंशावळ्यांची पानंच्या पानं आहेत. अमक्याला तमका झाला, तमक्याचे मुलगे अमुक. ती थोडा वेळ ऐकून घ्यायची आणि मग सूप खाली ठेवायची. "नावं नगं रं बाळा. नावांनी पोट भरत न्हाई." मला हसू यायचं.

सुशीला वचन गाऊन म्हणता येतं हे आत्यानेच शोधलं. गाताना सुशीची जीभ अडकत नसे. एका सकाळी बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि सुशीने डोळे मिटून सबंध वचन आत्याच्या चालीवर गाऊन दाखवलं, एकही अक्षर न सोडता. आईचे हात परातीवर थांबले. बाबा म्हणाले, "गाणं नको. म्हण." सुशी म्हणायला गेली आणि अडकली. बाबांनी ताटातली भाकरी उचलली.

आत्या उठली. आपल्या ताटातली भाकरी तिने सुशीपुढे ठेवली आणि म्हणाली, "दादा, देवाला गायलेलं चालतंय. तुला का चालत न्हाई?"

आमच्या घरात असं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. बाबांनी दोन्ही भाकऱ्या उचलून बाहेर टाकल्या आणि ते शाळेत निघून गेले. त्याच आठवड्यात त्यांनी बेलापूरला निरोप धाडला.

मला त्या दिवसांत एकच गोष्ट हवी होती, नगरचं बोर्डिंग. आमच्या गावचा एक मुलगा तिथे शिकत होता. तो सुट्टीत आला की सांगायचा, तिथे घंटा वाजली की जेवायला बसवतात. वचन न येणाऱ्यालाही वाढतात. मी त्याला ते पुन्हा पुन्हा विचारून घ्यायचो. बाबांजवळ विषय काढला तेव्हा ते आत्याच्या देखतच म्हणाले, "आत्या इथे आहे तोवर बोर्डिंगचं जमणार नाही. एका पगारात किती तोंडं?" आत्या शेळीला पाला घालत होती. तिने मान वर केली नाही. मी मात्र त्या दिवसापासून तिच्याकडे, दारात आडव्या पडलेल्या लाकडाकडे बघावं तसा बघायला लागलो.

यशवंतमामा रविवारी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल, आमच्यासाठी कागदात बांधलेली रेवडी. माणूस बोलायला गोड होता. सुशीला मांडीवर घेऊन त्याने तिची वेणी ओढली, तिला हसवलं. उपासना संपल्यावर मंडळीतले वडीलजन लक्ष्मणअण्णा त्याच्याबरोबर आमच्या घरी आले. चहा झाला. आत्या चुलीजवळ भिंतीला टेकून उभी होती.

लक्ष्मणअण्णा म्हणाले, "इस्तर, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. एवढं मनावर घ्यायचं नसतं पोरी."

"भांडं न्हवतं अण्णा," आत्या म्हणाली. "सायकलीचा पंप हुता."

मामा मोठ्याने हसले. "बघा! जीभ बघा हिची! हाच तर सगळा घोळ हाय मास्तर. मी काय म्हनतो, गेलं ते गेलं. चूल थंड पडलीय माझी. माणसं इचारत्यात."

"तुमच्या चुलीपायी मी हात मोडून घिऊ व्हय?"

"इस्तर," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "आपण भांडायचं नाही. शास्त्र काय सांगेल ते. मान्य?"

आमच्यात ही रीत होती. बैल घ्यायचा असो, सोयरीक जुळवायची असो, मन ठरत नसलं की वचन काढायचं. प्रार्थना करून, डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि पानावर बोट ठेवायचं. बोटाखाली येईल तो देवाचा शब्द. नुसती नावं किंवा आकडे आले तर तो कौल धरत नसत, शास्त्र मिटून पुन्हा काढायचं. ही रीत शहाणपणाची नाही असं आमचे पाळक तेव्हाही सांगायचे, पण ते महिन्यातून एकदा येणार.

आत्याने सगळ्यांकडे बघितलं. ती म्हणाली, "मान्य. देव मला मार खायला धाडायचा न्हाई." तिचा चेहरा मला आठवतो. ती घाबरलेली नव्हती. तिला खात्री होती.

"सामू वाचेल," बाबा म्हणाले. "पोर आहे. कुणाच्या बाजूचं नाही."

लक्ष्मणअण्णांनी प्रार्थना केली. मी शास्त्र आत्यापुढे धरलं. रोज सकाळी ते पुसून फडक्यात गुंडाळायचं काम तिचंच होतं, त्यामुळे कुठे काय आहे ते तिच्या हाताला माहीत होतं. स्तोत्रं बरोबर मधोमध. मनात आणलं असतं तर ती मधोमध उघडू शकली असती, आणि तिथे कुठेही बोट ठेवलं तरी दिलाशाची एखादी ओळ सापडायची शक्यता होती. तिने तसं केलं नाही. डोळे घट्ट मिटून तिने बोट पानांच्या कडेवरून खालीवर फिरवलं, कुठेतरी घातलं आणि शास्त्र उघडलं. ते अगदी सुरुवातीला उघडलं. वाकडं बोट पानावर टेकलं.

बोटाखाली नावं होती. एका कुळातल्या मुलग्यांची नावं, खाली नातवांची. देव तिथे आत्याला काहीच सांगत नव्हता. मी "नावं आहेत" एवढं म्हणायचं होतं, आणि तिने पुन्हा काढलं असतं.

मी मान खाली घातली आणि प्रेषितांच्या पत्रांमधलं वचन म्हटलं, बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावं ते. मला पाठ होतं. बाबांनी भाकरीवर पाठ करून घेतलेलं. मी वाचल्यासारखं म्हटलं, शब्दावरून बोट सरकवत, कुठेही न अडखळता. त्याला लागूनच नवऱ्यांना सांगितलेलं आहे, त्यांनी बायकोवर कशी प्रीती करावी ते. तेही मला पाठ होतं. ते मी म्हटलं नाही.

चुलीत लाकूड तडतडलं. लक्ष्मणअण्णा "आमेन" म्हणाले. यशवंतमामांनी खाली बघितलं, पण त्यांच्या मिशीखालचं हसू मला दिसलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. ते माझ्या हातातल्या शास्त्राकडे बघत होते. डाव्या हाताला चार पानं आणि उजव्या हाताला सगळं शास्त्र. पत्रं शेवटाला असतात. शास्त्र आयुष्यभर मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला ते कळायला अक्षर दिसावं लागत नाही. त्यांनी हात पुढे केला, माझ्या हातातून शास्त्र घेतलं आणि मिटलं.

"देव बोलला," ते म्हणाले.

आत्या म्हणाली, "वचन आलंय तर जाते." आणि भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं बोचकं घेऊन स्टँडवर मला पाठवलं. मामा पानाच्या टपरीवर उभे होते. एसटी यायला वेळ होता. आत्याने माझ्या केसांतून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाली, "सामू, ती ओळ पार माघारच्या पत्रांतली हाय. म्या पुढं उघडलं हुतं."

मी बोचक्याची गाठ चाचपत राहिलो.

"मला वाचाया येत न्हाई रं. जाड-पातळ कळतंय."

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"कुणाला बोलू? दादानं बी बघितलं." तिने पदर डोक्यावर घेतला. "आता तू वाचशील ते मी खरं कसं धरू? आन तू वाचनार न्हाईस तर दादाच्या घरात ऱ्हाऊन मला काय मिळनार? मार काय, तिथं बी हाय."

रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने बोचकं माझ्याकडून घेतलं. एसटीत चढताना मामांनी तिला दंडाला धरून वर घेतलं, लोकांना वाटावं आधार देतोय.

जूनमध्ये मी बोर्डिंगला गेलो. तिथे खरंच घंटा वाजली की जेवायला वाढत. मी शिकलो, मास्तर झालो, बाबांसारखाच मंडळीत बोलू लागलो. आत्याकडे जायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. लग्न झाल्यावर बायकोने हट्ट धरला म्हणून बेलापूरला गेलो. यशवंतमामा ओट्यावर बसले होते. "या, प्रभूची स्तुती असो," म्हणाले. आत्या आतून आली. मी "आत्या" म्हटलं तर ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. शेजारची बाई माझ्या बायकोला म्हणाली, "त्यांना ऐकाया येत न्हाई. कानाखाली बसलं ना. एकदा डाव्या, मंग उजव्या." तिने ते बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

आत्याने मला ओळखलं. तिने पेटीतून फडक्यात गुंडाळलेलं शास्त्र काढलं, मला वाटतं मामांचं असावं, आणि माझ्या हातात दिलं. मधोमध उघडूनच दिलं. मी वाचायला लागलो. मोठ्याने, मग ओरडून. गल्लीतली पोरं दारात गोळा झाली. आत्या माझ्या तोंडाकडे, मग पानाकडे, मग पुन्हा तोंडाकडे बघत होती. बराच वेळ तिने वाट पाहिली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुझं तोंड नुसतं हलतंय." शास्त्र मिटून तिने पुन्हा फडक्यात बांधलं आणि पेटीत ठेवून दिलं. ती वारली तेव्हा मी परीक्षेच्या कामावर होतो. जाऊ शकलो असतो.

बाबांनी आत्याची गोष्ट मंडळीत साक्ष म्हणून, म्हणजे देवाचा अनुभव म्हणून, सांगायला सुरुवात केली होती. माझ्या बहिणीने वचनावर बोट ठेवलं, देव बोलला, आणि ती आज्ञा पाळून आपल्या घरी गेली. बाबांच्या पश्चात ती मी सांगू लागलो. पहिल्यांदा सांगताना मी समोर कोणाकडे बघितलं नव्हतं. नंतर बघू लागलो. मी ती चांगली सांगायचो. वाकड्या बोटापाशी बायका डोळ्यांना पदर लावायच्या. पंपाचं सांगत नसे, अपघात म्हणायचो. ती ऐकून किती जणी परत गेल्या असतील, मला माहीत नाही. कोणी मला येऊन सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

आता मी मुलाकडे देवळाली प्रवराला असतो. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत एका घरी प्रार्थनासभा होती. त्या घरची मुलगी माहेरी आली होती. पदवीधर पोर, राहुरीत एका दुकानात हिशेब बघायची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या मनगटावर इस्त्रीच्या टोकाने भाजल्याचा डाग होता. लांब बाह्यांचा ड्रेस घातला होता, पण चहा देताना बाही वर सरकली. तिची आई मला म्हणाली, "काका, तुम्ही चार शब्द बोला. तुमची ती आत्याची साक्ष सांगा. हिच्या मनाला उभारी येईल." माइक माझ्या हातात आला.

मी पाहिलं होतं तो डाग. तरी मी साक्ष सांगितली. सगळी, जशी सांगत आलो तशी, अधीन राहण्याच्या वचनापर्यंत. आवाज योग्य जागी कापला. वयामुळे विसरलो, भान राहिलं नाही, असं म्हणण्याची सोय मला नाही. माझं भान पूर्ण होतं. एवढी माणसं माझ्याकडे आदराने बघत होती आणि मला खरं सांगून त्यांच्यात बसायचं नव्हतं. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "आजोबा, मग आत्या सुखी झाल्या का?"

मी म्हटलं, "देवाने तिला शांती दिली."

त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याची गाडी दारात आली. जाताना ती माझ्या पाया पडली.

हे प्रकरण मी कसं लिहावं याचा पुष्कळ विचार केला होता. आत्या कशी प्रेमळ होती, दिवस कसे गरिबीचे होते, असं काही. ते सगळं बाजूला ठेवून जे झालं ते लिहिलं. मुलाने वाचलं आणि म्हणाला, "अण्णा, आजोबांची अब्रू जाईल. तुमचीही." जाऊ दे म्हटलं. मुलीच्या आईला मी खरं सांगितलं तर ती म्हणाली, "आता कशाला काका? नांदतीय ती. फोन उचलत नाही म्हणजे कामात असणार."

तिसऱ्या गल्लीतली रिक्षावाली पोरं मला त्या मुलीच्या सासरच्या दारापर्यंत सोडायला तयार आहेत. नवरा कामावर जातो ती वेळ मी विचारून घेतली आहे. तिने दार उघडलं तर ही पानं तिच्या हातात देईन आणि बाहेर उभा राहीन. वाचून दाखवणार नाही. तिला वाचता येतं.